इंदूरच्या टॉकिजा : कशावर उभ्या राहिल्या, कशानं बसल्या?

नंदानगरकर

जुन्या टॉकिजांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा कुठला सिनेमा किती आठवडे चालला, पडद्यावर चिल्लर कशी उधळली आणि ब्लॅकचं तिकीट कितीला गेलं एवढंच येतं. ते वाचायला मलाही आवडतं. पण आपल्या इंदूरच्या टॉकिजा कोणाच्या जिवावर चालत होत्या आणि एकामागून एक का बसल्या, हे त्यातून कळत नाही. म्हणून हा धागा काढतो आहे.

आधी नावं घेऊ या. रीगल, यशवंत, महाराजा, प्रकाश, राज, अलका, ज्योति, स्टारलिट, बेम्बिनो, मधुमिलन, प्रेमसुख, कस्तूर, अनूप, देवश्री, नीलकमल, सपना-संगीता. राहिलेली नावं जाणकारांनी घालावीत.

आता माझं म्हणणं. मल्टिप्लेक्स आले आणि टॉकिजा मेल्या, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. इंदूरच्या टॉकिजांचा पाया मल्टिप्लेक्स यायच्या बराच आधी खचला होता, आणि तो खचला मिलमध्ये. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी. या मिलांच्या पाळ्यांवर अर्धं शहर चालायचं. मी नंदानगरात वाढलो. आमची वसाहतच मिल कामगारांची, घरोघरी घड्याळापेक्षा भोंग्यावर भरवसा जास्त. टॉकिजांचे खेळ बारा, तीन, सहा, नऊ. पहिल्या पाळीचा माणूस घरी येऊन, अंघोळ करून, चहा घेऊन सहाचा खेळ गाठायचा. रात्रपाळीवाला झोप काढून तीनच्या खेळाला. शनिवार-रविवारी बाल्कनी कोणत्याही शहरात भरते. पण मंगळवारी दुपारी खालच्या वर्गात कोण बसायचं? कॉलेजची पोरं होतीच, त्यांच्याहून जास्त पाळीतून मोकळा झालेला कामगार असायचा. टॉकीजचं विजेचं बिल आणि नोकरांचे पगार त्या खालच्या दराच्या तिकिटांतून निघत.

१२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांची थकलेली देणी हातात पडायला डिसेंबर २०२३ उजाडला. २२४ कोटी रुपये, सुमारे ४,८०० कामगार किंवा त्यांचे वारस. मधल्या ३२ वर्षांत कितीतरी जण वारले. ज्या घरात पगारच बंद झाला त्या घरातून सिनेमाला कोण जाणार? एकेक मिल थंडावत गेली तशी मंगळवारची दुपार रिकामी होत गेली. मल्टिप्लेक्स आलं तेव्हा टॉकीज आधीच उधारीवर श्वास घेत होती.

हे माझं निरीक्षण आहे. तुम्ही कोणी टॉकीजमध्ये नोकरी केली असेल, घरात कोणी ऑपरेटर, गेटकीपर, बुकिंग क्लार्क असेल, सायकल स्टँड किंवा कॅन्टीनचा ठेका असेल, तर कृपया लिहा. नटनट्यांच्या आठवणींना स्वतंत्र धागा काढू.

चिमणबाग

नंदानगरकर, विषय अगदी योग्य वेळी काढलात. पण मिलचं गणित मला अर्धंच पटतं.

आमच्या वाड्यात मिलमध्ये कोणी नव्हतं. सगळे शिक्षक, कारकून, एक वकील. हा बाल्कनीचा वर्ग, आणि तो टॉकीजमधून मिल बंद व्हायच्या आधीच उठला होता. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला. पाठोपाठ व्हीसीआर भाड्याने मिळायला लागला. रात्रभरासाठी मशीन आणि तीन कॅसेट आणायच्या, खर्च चार घरांत वाटून घ्यायचा, ओसरीत सतरंज्या टाकायच्या. बाल्कनीच्या चार तिकिटांच्या पैशात सगळा वाडा तीन सिनेमे बघत होता, मग टॉकीजला जायचं कारणच उरलं नाही. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं आणि रविवार सकाळ टीव्हीची झाली. त्याआधी रविवारी सकाळी मॉर्निंग शोला आम्ही मुलं हमखास असायचो.

तेव्हा माझ्या मते वरचा मजला आधी रिकामा झाला, खालचा मागाहून.

रीगलप्रेमी

सुंदर धागा! लताबाईंचा जन्म इंदूरचा (२८ सप्टेंबर १९२९, शीख मोहल्ला), जॉनी वॉकर इंदूरचे, सलीम खान इंदूरचे. इंदूरचं सिनेमाशी नातं किती जुनं आहे हेही यायला हवं.

नंदानगरकर

रीगलप्रेमी, अभिमान मलाही आहे. पण ही मंडळी मोठी झाली ती मुंबईला जाऊन, आणि त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. रीगलच्या प्रोजेक्टरमागे तीस-चाळीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव या शहरात कुठेही नोंदलेलं नाही. इथे त्यांच्याबद्दल बोलू या.

ऑपरेटरचा_नातू

नंदानगरकर काका, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून खातं उघडलं. माझे आजोबा इंदुरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीजचं नाव घेत नाही, कारण शेवटी पगार थकले, त्यावरून मालकांशी वाद झाले आणि ती कटुता घरात अजून आहे. पण कामाबद्दल ते फार प्रेमाने बोलायचे. मला आठवतं ते सगळं लिहितो.

ऑपरेटरची खोली म्हणजे भट्टी. प्रोजेक्टरमध्ये दिवा नसायचा, कार्बनच्या दोन कांड्या असायच्या, एक जाड, एक बारीक. त्यांच्यामध्ये डीसी करंटचा झोत पेटवायचा. कांड्या जळून आखूड होतात तसं त्यांच्यातलं अंतर वाढतं, उजेड पिवळा पडतो, पडद्यावर नायिकेचा चेहरा मळकट दिसायला लागतो. म्हणून एक हात सतत कांडी सरकवायच्या मुठीवर. डोळा काळ्या काचेतून झोतावर, दुसरा डोळा भिंतीतल्या चौकोनातून पडद्यावर. कांड्यांना तांब्याचा मुलामा असे. उरलेली थोटकं आणि गळलेलं तांबं डब्यात साठवून विकायचं, तो ऑपरेटर आणि मदतनीसाचा वरखर्च. कार्बनचा धूर बाहेर जायला छतापर्यंत धुराडं होतं, तरी आजोबांचा खोकला आयुष्यभर गेला नाही.

मशीन दोन, आणि सिनेमा रिळांत. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे २,००० फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. ते संपायच्या आत शेजारच्या मशीनवर पुढचं रीळ चढवून, कार्बन पेटवून तयार राहायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला मोटर सुरू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्याला एका मशीनची झडप बंद आणि दुसऱ्याची उघडी. खाली बसलेल्या हजार माणसांतल्या एकालाही कळता कामा नये. आजोबा सांगायचे, कळलं तर शिट्ट्या पडायच्या, नाही कळलं तर कोणी कधी शाबासकी द्यायला वर आलं नाही.

आता एक गोष्ट जी मला फार मोलाची वाटते. प्रिंट महाग, म्हणून कधी कधी एकच प्रिंट दोन टॉकिजांत चालायची. एकीकडे खेळ पाऊण तास आधी सुरू व्हायचा. तिथलं रीळ संपलं की डब्यात घालून एक पोरगा सायकलवर दुसऱ्या टॉकीजला पळायचा. येताना तिथलं संपलेलं रीळ घेऊन. अशा फेऱ्या रात्री बारापर्यंत. वाटेत मिरवणूक लागली, पंक्चर झालं, पाऊस आला, तर दुसऱ्या टॉकीजचा पडदा कोरा. मग साडीच्या दुकानाच्या आणि दंतमंजनाच्या काचेच्या स्लाइडी दाखवत बसायचं. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघत तेव्हा जेलरोडवरून सायकल काढणं अशक्य. त्या रात्री असली दुहेरी प्रिंट घ्यायचीच नाही, हा नियम.

आमच्या घरातलं शेवटचं वर्ष म्हणजे प्रोजेक्टर काढून उपग्रहावरून सिनेमा येणारं डिजिटल यंत्र बसवलं ते. २०१३-१४ पर्यंत नव्या सिनेमांच्या प्रिंटा येणं जवळपास थांबलंच. यंत्र चालवायला माणूस लागतो, पण कारागीर लागत नाही. आजोबा तेव्हा निवृत्त झाले होते, त्यांचा मदतनीस कामावर होता. त्याला गेटवर उभं केलं. त्याने दोन महिन्यांत नोकरी सोडली आणि वायरमनचं काम धरलं.

नंदानगरकर

नातू, तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. आजोबांचं कुठलं सामान घरात आहे का? रजिस्टर, परवाना, रीळ जोडायचं यंत्र, काहीही?

ऑपरेटरचा_नातू

ऑपरेटरचा सरकारी परवाना आहे, फोटोसकट. आणि एक वही आहे. रोज कुठला खेळ, कुठल्या रिळात किती जोड, कुठे फिल्म तुटली, किती कार्बन जळले. हिंदीत लिहिलेली, मधूनच मराठी.

रामबागवाली

मला थोडं वेगळं लिहायचं आहे. सगळं वाचताना असं वाटायला लागलं की त्या टॉकिजा म्हणजे देवळं होती. बायकांना विचारा.

लेडीजची तिकिटाची खिडकी वेगळी होती ही खरी सोय. रांग छोटी, त्यामुळे घरातल्या पुरुषांची तिकिटंही आम्हीच काढायचो. पण आत? खालच्या वर्गात बाईने एकटीने बसायची सोय नव्हती. स्वच्छतागृहांबद्दल न बोललेलं बरं. तीन तासांच्या सिनेमाला घरून निघताना पाणी प्यायचं नाही, हे आईने मला शिकवलं आणि मी ते कितीतरी वर्षं पाळलं. मल्टिप्लेक्समध्ये माझी मुलगी मैत्रिणींबरोबर नऊचा खेळ बघून येते आणि मला घोर नसतो. याची किंमत तिकिटात मोजावी लागते, तरीही हा फरक लहान नाही. जुन्या टॉकिजांच्या मालकांनी बायकांच्या गरजेकडे वेळेवर लक्ष दिलं असतं तर घरंच्या घरं त्यांच्याकडे टिकली असती, असं मला मनापासून वाटतं.

तरी दुपारच्या खेळांची आठवण आहेच. रामबाग, नारायणबागेतल्या बायका जेवणं उरकून एकत्र निघायच्या. काकू, माई, आत्या, शेजारची मारवाडी भाभी. तान्ही मुलं बरोबर. मूल रडलं की कोणीतरी उठून मागे दाराशी उभी राहायची, आणि परत आली की बाजूची तिला कुजबुजत मधली गोष्ट सांगायची. सासरी नव्याने आलेल्या मुलीला शहराची ओळख अशीच व्हायची.

आणि मराठी सिनेमा! त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्या आजीच्या पिढीला प्रभातचे सिनेमे हिंदीत बघायला मिळाले, कारण प्रभात एकच गोष्ट मराठी आणि हिंदी दोन्हींत काढायची. १९३७ चा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया ना माने' म्हणून आला. आजी मात्र शेवटपर्यंत त्याला कुंकूच म्हणायची. नंतर मराठी सिनेमा इंदुरात आला तो रविवारी सकाळचा एखादा खेळ म्हणून, मुंबई-पुण्याच्या कितीतरी महिने मागे, आणि तोही चार ओळखीच्या लोकांनी घरोघर तिकिटं खपवली तर. अर्ध्या सभागृहाला बाकीच्या अर्ध्याचं नाव-गाव ठाऊक. मध्यंतरात लग्नं जुळायची, हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही.

आज सानंद या संस्थेमुळे मुंबई-पुण्याची नाटकं इंदुरात येतात आणि गर्दी होते. त्याचं कारण सभासद आहेत, वर्षाचं नियोजन आहे. मराठी सिनेमासाठी तसं काही कोणी उभं केलं नाही, याची खंत वाटते.

चिमणबाग

रामबागवाली ताई, पाणी न पिण्याची गोष्ट माझ्या बायकोने शब्दशः अशीच सांगितली. हे आम्हा पुरुषांच्या आठवणींत कधी येतच नाही.

हिशेबनीस

मी काही वर्षं चित्रपट वितरकाकडे हिशेब लिहायचं काम केलं. या धंद्यात इंदूरचं स्थान काय होतं हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून लिहितो.

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा राज्यांप्रमाणे नाही. मुंबई, दिल्ली-यूपी, निजाम, म्हैसूर, सी.पी. बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड), सी.आय., राजस्थान अशी सर्किटं, म्हणजे वितरणाचे विभाग, आहेत. सी.आय. म्हणजे सेंट्रल इंडिया. इंग्रज गेले, संस्थानं गेली, राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी वितरकाच्या वहीत ही नावं राहिली. सी.पी. बेरार, सी.आय. आणि राजस्थान या तिन्हींच्या वितरक-प्रदर्शकांची संघटना एक, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचं मुख्य कार्यालय भुसावळला. आणि सी.आय.ची पेठ म्हणजे इंदूर. मुंबईचा निर्माता या सर्किटचे हक्क इंदूरच्या वितरकाला विकायचा. प्रिंटांच्या पेट्या रेल्वेने इंदूरला उतरायच्या. आधी इंदुरात लागायचं, मग त्याच प्रिंटा उज्जैन, देवास, रतलामकडे आणि शेवटी तंबूच्या फिरत्या टॉकिजांकडे. प्रिंट जितकी लांब जाईल तितकी ती ओरखडलेली.

म्हणजे इंदूरची टॉकीज नुसतं सिनेमा दाखवायचं ठिकाण नव्हती, ती सबंध माळव्याची नमुना-खिडकी होती. इंदुरात पहिल्या आठवड्यात गल्ला काय झाला यावर देवास-शाजापूरचा मालक वितरकाला भाव सांगायचा. डिजिटल आलं आणि सिनेमा एकाच शुक्रवारी सगळीकडे लागायला लागला. इंदूरने आधी आणि बाकीच्यांनी नंतर, हा क्रमच संपला. पेठेची गरज उरली नाही. या धाग्यात मिल आली, व्हीसीआर आला, त्यात हे तिसरं कारण माझ्या दृष्टीने तितकंच मोठं आहे.

कराचंही सांगतो. पूर्वी तिकिटाच्या किमतीतला मोठा वाटा करमणूक कर असायचा, तो राज्य सरकारकडे जायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के, त्याहून महाग तिकिटावर २८ टक्के. वर मध्य प्रदेशात स्थानिक संस्थांना वेगळा करमणूक कर लावायची मुभा मिळाली, म्हणजे एका तिकिटावर दोन कर. त्याच्या निषेधात ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातली सिनेमागृहं बंद राहिली होती. १ जानेवारी २०१९ पासून जीएसटी १२ आणि १८ टक्क्यांवर उतरला, सप्टेंबर २०२५ मध्ये १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तो ५ टक्के झाला. स्वस्त तिकिटाला सवलत मिळाली खरी, पण स्वस्त तिकीट विकणाऱ्या टॉकिजा तोवर उरल्या होत्या किती?

वास्तू_आणि_वस्ती

व्यवसायाने आर्किटेक्ट आहे. वर माणसं आली, हिशेब आला, जमीन राहिली.

एकपडदा टॉकीजची इमारत दुसऱ्या कशालाही नीट उपयोगी पडत नाही. आत एकही खांब नको म्हणून मोठ्या कैच्यांवर छत, पडद्याकडे उतरत जाणारी जमीन, खिडक्या नाहीत, मागे पडद्याआड स्पीकरची पोकळी. पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, आवाज त्यातून यावा म्हणून. गोदाम करायचं तर जमीन उतरती, दुकानं करायची तर उजेड नाही. म्हणून जुन्या वाड्याचं हॉटेल होतं, गढीचं संग्रहालय होतं, टॉकीज मात्र पाडलीच जाते. त्यात ती भर चौकात. शे-दीडशे प्रेक्षकांसाठी एवढी जागा अडवून ठेवणं मालकाला परवडत नाही.

वाय. एन. रोडवर स्टारलिट टॉवर आहे, तिथली कचेऱ्यांत काम करणारी तरुण मुलं हे नाव कुठून आलं ते विचारत नाहीत. सपना-संगीताचं नशीब बरं, त्या नावाने रस्ता आहे आणि तिथे मल्टिप्लेक्सही चालतं. मधुमिलनचा चौराहा झाला. रीगलची गोष्ट सगळ्यात वेगळी, कारण तिथे जमीन नगर निगमची, टॉकीज लीजवर. मालकीची जमीन असली की मालक कॉम्प्लेक्स बांधून मोकळा होतो. लीजची असली की करार, मुदत, ताबा यांत इमारत अडकून पडते.

सुरक्षेचा खर्च हाही मुद्दा आहे. मध्य प्रदेशात सिनेमागृहाचा परवाना १९५२ च्या कायद्याखाली जिल्हाधिकारी देत असत. १३ जून १९९७ ला दिल्लीत उपहार सिनेमाला आग लागून ५९ माणसं गेली. त्यानंतर देशभर बाहेर पडायचे रस्ते, वायरिंग, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर यांच्याकडे काटेकोर पाहिलं जाऊ लागलं, आणि ते पाहायलाच हवं होतं. पण दरवाजे वाढवायचे म्हणजे खुर्च्या कमी करायच्या, वायरिंग बदलायचं म्हणजे लाखोंचा खर्च. ज्या टॉकीजची मंगळवारची दुपार रिकामी, ती हा पैसा कुठून आणणार?

माझं स्पष्ट मत : सगळ्या टॉकिजा वाचवायचा हट्ट धरू नये. पण रीगलच्या जागी उद्या जे काही होईल त्यात एक छोटं सार्वजनिक सभागृह आणि शहराच्या सिनेमाची नोंद ठेवणारी एक खोली असावी, ही मागणी आपण करायलाच हवी. जमीन लोकांची आहे, त्यामुळे मागायचा हक्कही आहे.

रंगपेटी

होर्डिंगवाल्यांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

इंदूर हे चित्रकारांचं गाव. देवळालीकरांच्या कलाशाळेतून ना. श्री. बेंद्रे आले, विष्णू चिंचाळकर गुरुजी आले. एम. एफ. हुसेन यांचं बालपण इंदुरात गेलं, तेही देवळालीकरांकडे शिकले आणि पुढे मुंबईत पोटासाठी सिनेमाची होर्डिंगं रंगवायची वेळ त्यांच्यावर आली. ते जगभर गेले, म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. टॉकीजच्या मागच्या शेडमध्ये तेच काम जन्मभर करणारे पेंटर इंदुरातही होते, त्यांची सही कुठल्याही फलकावर नसायची.

माझ्या वडिलांचा एक मित्र हे काम करायचा. वितरकाकडून आलेल्या छोट्या फोटोवर पेन्सिलने चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर खडूने, मग एकेक चौकोन रंगवत जायचं. शिडीवर उभं राहून चेहरा रंगवताना फक्त नाकपुडी दिसते, अख्खा चेहरा रस्त्याच्या पलीकडे गेल्यावर. म्हणून एक पोरगा रस्त्यापलीकडे उभा करून त्याला ओरडून विचारायचं, डोळा बरोबर बसला का? गुरुवारी रात्री फलक चढवायचा, कारण शुक्रवारी सिनेमा. पुढच्या सिनेमाला त्याच कापडावर पांढरा हात मारून नवा चेहरा. त्यामुळे त्यांचं एकही काम उरलेलं नाही. फ्लेक्स आला आणि शेडच बंद झाली. काही जण दुकानांच्या पाट्यांकडे वळले, काही गणपतीच्या मूर्तींकडे.

नंदानगरकर

आता सगळ्यांचं एकत्र बघतो.

चिमणबाग, वरचा मजला आधी रिकामा झाला हे तुमचं म्हणणं मी माझ्या म्हणण्याला जोडून घेतो. दोन्ही मिळून चित्र पुरं होतं. बाल्कनी व्हीसीआरने नेली, खालचा वर्ग मिलबंदीने नेला, पेठेचा मान डिजिटलने नेला, आणि एम. जी. रोडवर मॉल उभा राहिला तेव्हा त्याच्यासमोर लढायला कोणी उरलं नव्हतं. रामबागवाली ताईंनी लिहिलेलं तर प्रत्येक मालकाने तेव्हाच ऐकायला हवं होतं.

मिलबद्दल मी ठाम आहे तो यासाठी, की इंदूरमध्ये मिल आणि टॉकीज यांचा शेवट वेगवेगळा सांगितला जातो. मिलची गोष्ट कोर्टाच्या बातम्यांत, टॉकीजची रविवारच्या पुरवणीत. दोन्हीकडे माणूस तोच होता. सकाळी मिलच्या साच्यावर, संध्याकाळी टॉकीजच्या खुर्चीत.

आणि तो माणूस आता म्हातारा आहे. आमच्या गल्लीत कामगारांच्या पहिल्या पिढीतलं जवळपास कोणी राहिलं नाही.

पुण्यातली_इंदूरकर

उशिरा आले, पण एक कामाचं सांगते. मी पुण्यात असते. इथे लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. लोकांना वाटतं तिथे फक्त फिल्मा आहेत. तसं नाही, पोस्टर, हँडबिलं, फोटो, गाण्यांच्या चोपड्या, सगळं जपतात. टॉकीजच्या दारात विकायची ती दोन-चार पानी गाण्यांची चोपडी आठवते ना? आपल्याकडच्या ट्रंकांत त्या अजून असतील. फेकू नका.

दुसरं, इंदूरच्या टॉकिजांची रोजची नोंद छापील स्वरूपात आहेच, ती म्हणजे वर्तमानपत्रातल्या सिनेमाच्या जाहिराती. नईदुनिया इंदुरातून १९४७ पासून निघतं. जुन्या अंकांत कुठल्या टॉकीजला काय, किती खेळ, कुठला आठवडा, लेडीजसाठी खास खेळ, 'आज शेवटचा दिवस', सगळं मिळेल. कुठली टॉकीज कधी सुरू झाली आणि तिची जाहिरात कधी यायची थांबली, हे आठवणींवर न सोडता तिथून काढता येईल.

हिशेबनीस

हे फार चांगलं सुचवलंत. जाहिरातीत दर छापलेले असतील तर तेही उतरवा. मिलच्या मजुरीशी ताडून बघता येईल. नंदानगरकरांचं म्हणणं खरं की कसं, ते त्यातून दिसेल.

नंदानगरकर

नक्की. १९८० ते २००० ही वीस वर्षं आधी घेऊ. दर महिन्याचा पहिला शुक्रवार, एवढंच. टॉकीज, सिनेमा, खेळांच्या वेळा, दर. मी ग्रंथालयात जुन्या फायली बघायची परवानगी विचारून येतो.

चिमणबाग

मी येतो बरोबर. निवृत्त आहे, सकाळ मोकळी असते.

ऑपरेटरचा_नातू

आजोबांची वही मी घरच्यांना विचारली. आईची हरकत नाही. पानांचे फोटो काढून टाकतो, पण मालकांबद्दल जिथे लिहिलं आहे ती पानं झाकून. रिळांच्या नोंदीत काही खुणा मला कळत नाहीत, बाणासारखं चिन्ह आणि पुढे आकडा. कुणी ऑपरेटर किंवा त्यांच्या घरचं हे वाचत असेल तर सांगा, ते फिल्म कापल्याचं आहे की जोडल्याचं?

रंगपेटी

वडिलांच्या मित्राला विचारून सांगतो. ते अजून सुदामानगरात असतात, आणि ऑपरेटर लोकांत त्यांची ऊठबस होती.